पुडीतले वैराग्य

प्रथम नमन तोंडाला. गणपतीला दुसरे. तो रागावणार नाही. मोदकाचे मर्म जाणणाऱ्या देवाला तोंडाचे माहात्म्य मी काय सांगावे? पायांनी तीर्थाला जावे, हातांनी टाळ धरावा, कानांनी कथा ऐकावी. परंतु नाम घ्यायचे, भात खायचा, भांडायचे आणि भांडून झाल्यावर ‘चुकलो’ म्हणायचे, ही चारही कामे त्या एकाच दाराने होतात. ते दार ज्याचे पंचविशीत अडकले, त्या जयतीर्थाची ही कथा. मायबापहो, खुशाल हसा. तोही हसतो, जरा अरुंद हसतो, इतकेच.

जयतीर्थ आमच्या तंजावुरातला. मेल राजवीधीच्या मागच्या गल्लीत घर. वडील वेंकटराव तालुका कचेरीत कारकून होते, ते लवकर वारले. घरात आई चंद्रमती आणि हा. घरात मराठी, दारात तमिळ आणि अर्जात इंग्रजी, हा आम्हा सर्वांचाच त्रिवेणी संगम. जयतीर्थ त्यात पोहत वाढला. मराठी पदे तो तमिळ लिपीत उतरून घेई, कारण बाळबोध अक्षर त्याला कोणी शिकवलेच नव्हते. पण कान असा, की कागदावर काय आहे याची फिकीर नव्हती. माझ्या कीर्तनात तो मागे उभा राहून गाई. मी पूर्वरंगात अडखळलो की त्याने ‘आ’कार लावावा आणि माझी अब्रू त्या आकाराच्या पदराखाली झाकावी, असा आमचा करार. आलाप घेताना त्याचे तोंड असे उघडे, की पहिल्या रांगेतल्या बायकांना त्याची पडजीभ दिसे. ‘बोवा, पोराच्या गळ्यातली घंटा दिसते,’ असे त्या मला सांगत. देवळात दुसरे काय दिसावे?

त्र्याण्णव साली त्याने जुन्या बस स्टँडजवळ टेलिफोनचे बूथ घातले. पिवळी पाटी, काचेचा कोंबडीखुराडा, आत एक फोन आणि भिंतीवर लाल आकडे पळवणारे यंत्र. तो काळच तसा होता. देशाची दारे उघडली होती; परदेशी घड्याळ, परदेशी साबण, पंचवीस वाहिन्या, सर्व आत आले. आणि शेजारच्या पेटीवजा दुकानात, देवळाच्या दाराला आंब्याच्या डहाळ्या बांधाव्यात तशा, चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. सुपारी, चुना, कात, तंबाखू आणि वर अत्तराचा असा काही घमघमाट, की अप्सरेनेही मान वळवावी. किंमत रुपया. दाताने कोपरा फाडायचा, डोके मागे टाकायचे, पुडी तोंडात रिकामी करायची. लाइन लागत नाही तोवर एक. लागली की आनंदाने एक. तुटली की दुःखाने एक. दोन वर्षांत दिवसाला वीस पुड्या झाल्या. अखंड नामस्मरण ज्याला जमत नाही, त्याला अखंड चर्वण किती सहज जमते, हे पाहून चित्रगुप्तानेही लेखणी चावली असेल.

आता आईला कळले नाही का? कळले की. शर्ट धुताना खिशातून पुड्या निघाल्या. चंद्रमती त्या हातात घेऊन न्हाणीघराबाहेर आली.

“काय रे हे? सिगारेट नव्हे की?”

“नव्हे, आई. सुपारी.”

“ब्रांडी वगैरे?”

“अय्यो, आई! वास घे. वेलची.”

तिने वास घेतला आणि देवापुढे दिवा लावला. का लावू नये? आमच्या गावात जेवण पानसुपारीवाचून संपत नाही, लग्न पानसुपारीवाचून ठरत नाही, देवाला नैवेद्यानंतर विडा दाखवल्याखेरीज देव हात धूत नाही. जे देवाच्या तोंडी पवित्र ते पोराच्या तोंडी पाप कसे? तिला ही पुडी म्हणजे काळाबरोबर चालणारा विडा वाटली. इतकेच काय, त्या वर्षीच्या नवरात्रात तिने हळदीकुंकवाच्या तबकात विड्यांशेजारी पुड्यांची रास मांडली. पान सुकत नाही, चुना लावायला नको. बायकांनी कौतुक केले. मीही एक उचलली, फोडली आणि ‘बाई, काळ बदलला’ असे म्हणालो. बोवा म्हणून मला जे जे आठवायला नको असते, त्यात हे पहिले.

पुढच्या दोन वर्षांत जयतीर्थाच्या अंगी जी लक्षणे प्रकट झाली, ती ऐका.

प्रथम त्याने तिखट सोडले. सांबाराचा घास घेतला की तोंडात निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची, डोळ्यांत पाणी यायचे. म्हणून तो दहीभातावर आला. मग बोलणे कमी झाले. मग खळखळून हसणे गेले, नुसते स्मित राहिले. पोळी गेली, कारण ती चावायला जबडा हवा; भात ताकात कालवून, बोटांनी कुस्करून, लहान लहान घासांनी तो जेवू लागला. अंग वाळले. गालफडे बसली. आवाज नाकातून येऊ लागला, मृदू, दुरून आल्यासारखा. आणि ‘आ’कार जो होता तो हळूहळू ‘ओ’ झाला, ‘ओ’चा ‘ऊ’ झाला. मागे उभा राहून तो ‘ऊ’ लावी, तेव्हा माझ्यासारख्या चाळीस वर्षे गाणे ऐकलेल्या माणसालाही वाटले की पोराने काही नवी वाट धरली आहे.

तिखट नाही, जास्त बोलणे नाही, मोठे हसणे नाही, मिताहार, कृश देह, मुखावर स्मित. मायबापहो, दुसऱ्या कोणत्याही गावात अशा पोराला वैद्याकडे नेले असते. आमच्या गावात लोक त्याच्या पाया पडू लागले.

आरंभ हनुमंतरावांनी केला. हनुमंतराव म्हणजे आमच्या मठाचे सर्वांत जुने विश्वस्त. वय ब्याऐंशी, दात मद्रासचे, मत स्वतःचे. एका शनिवारी भजन संपल्यावर त्यांनी जयतीर्थाकडे काठी रोखली आणि सभेला सांगितले, “हा पोर विरक्त झाला. मी पाहतों. याचा जिव्हाजय झाला आहे.” जिव्हेवर जय! जिची हालचालच बंद पडत चालली होती, तिच्यावर जय मिळवणे किती सोपे! पण त्या दिवसापासून बायका त्याच्यासाठी दहीभाताचे डबे आणू लागल्या. परीक्षेला जाणारी मुले बूथवर येऊन नमस्कार करून जात. गुरुवारी त्याचे मौन असते अशी वदंता कोणी उठवली ते कळले नाही. गुरुवारी गालाला जास्त ठणका लागला होता, इतके खरे होते.

आणि जयतीर्थ? त्याला कळत नव्हते असे समजू नका. बूथच्या काचेत तो रोज तोंड उघडून बघे. आतला गाल संगमरवरासारखा पांढरा, हाताला दोरी लागावी तशा आत ताठ शिरा. पण ज्याच्या पायाशी माणसे वाकतात, त्याने वर तोंड करून ‘मला रोग आहे’ म्हणायचे तरी कसे? शिवाय, त्यानेच मला नंतर सांगितले, “बोवा, गोड वाटायचें हो. लहानपणापासून मला कोणी एवढें चांगलें म्हटलें नव्हतें.” नमस्कार घ्यायचा, वळायचे, पुडी फोडायची. असा तो विरक्त.

सत्त्याण्णवच्या फाल्गुनात हनुमंतरावांनी ठरवले की येत्या रामनवमीला जयतीर्थाने मठात मुख्य कीर्तन करावे आणि माझ्या हातची चिपळी त्याच्या हाती जावी. मी सत्तरीला टेकलो होतो. मला पुत्र नाही, शिष्य हा एकच. माझ्या डोळ्यांना पाणी आले. मी त्याला विचारले, “करशील ना रे?” त्याने मान हलवली. नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते. अडीच तास पद, आख्यान, आरती. आणि त्याच्या तोंडात तोवर चमचा सरळ जात नव्हता, आडवा करून घालावा लागे. पोर रामनवमीची वाट बघत होता, जशी फाशीची बघावी.

तेव्हाच त्याची मावसबहीण नित्या मद्रासहून सुटीला आली. ती दातांच्या डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होती. देवावर तिची श्रद्धा होती; भक्तांवर नव्हती.

शनिवार. मारुतीला वड्यांची माळ घातली होती. आमच्याकडचा मारुती फुलांपेक्षा वड्यांनी जास्त प्रसन्न होतो: मिरी घातलेले, कडकडीत, मधे भोक पाडलेले, एकशे आठ. भजन झाले, माळ सोडली, प्रसाद वाटला. हनुमंतरावांनी स्वतःच्या हाताने एक वडा जयतीर्थाला दिला. तो त्याने फोडला, मग चुरला, मग त्या चुऱ्यातला कण जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. डोळ्यांतून धार लागली.

“बघा,” हनुमंतराव गहिवरले, “प्रसादाने अश्रू!”

“अश्रू मिऱ्याने आले, आजोबा,” नित्या म्हणाली. ती खांबाला टेकून केव्हापासून पाहत होती. “अण्णा, इकडे बघ. तोंड उघड.”

“शनिवारीही मौन असतें त्याचें,” कोणीतरी म्हणाले.

“मौन असूं दे. उघडायला बोलावें लागत नाही. अण्णा, शिट्टी वाजव बघूं.”

“देवापुढें शिट्टी?” हनुमंतरावांची काठी आपटली.

“सरी, तुमचें खरें, शिट्टी नको. मग तीन बोटें. अशी.” तिने स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरली आणि सर्वांसमक्ष तोंडात घालून दाखवली. मारुतीही बघत होता. “प्रत्येक माणसाची जातात. तुझी घाल.”

जयतीर्थाने माझ्याकडे पाहिले. मी, मूर्ख, म्हणालो, “घाल की रे. त्यात काय?”

एक बोट गेले. दुसऱ्याचे नख गेले. तिथे दाराने अडसर घातला.

नित्याचा चेहरा उतरला. आतापर्यंत ती थट्टा करत होती. आता आवाज खाली आला. “किती खातोस?”

“वीस,” तो म्हणाला. “कधी पंचवीस.”

“काय वीस?” चंद्रमतीने विचारले. “मावशी, पुड्या,” नित्या म्हणाली. मग तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांना अलंकारांची खोड आहे. “सुपारीनें गालाचें आतलें मांस दोरासारखें होतें. कमावलेल्या चामड्यासारखें. आधी आग होते, मग तोंड पांढरें पडतें, मग आखडतें. जीभ हलत नाही, गिळवत नाही, कान दुखतो. सोडलें तरी पूर्ववत होत नाही. सोडलें तर वाढायचें थांबतें, एवढेंच. नाही सोडलें तर कॅन्सर होऊं शकतो. आमच्या वॉर्डात असे आहेत, आजोबा. वीस वर्षांचे. ते कोणी विरक्त नव्हेत.”

दहीभाताचे डबे आणणाऱ्या बायका खाली बघू लागल्या. आणि चंद्रमती उठली, जयतीर्थासमोर बसली, त्याच्या गालाला हात लावला, आणि तिने कपाळ बडवले नाही, देवाला बोल लावला नाही. एवढेच म्हणाली, “मी तबकांत मांडल्या होत्या रे. आपल्या हातांनी.”

हनुमंतरावांनी घसा साफ केला. “रोग असेल. नाही म्हणत नाही. पण रोगाबरोबर वैराग्यही असूं शकतें. रामनवमीपर्यंत कोणी कांही बोलूं नका.”

सोमवारी नित्याने त्याला मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पट्टी लावून तोंड मोजले: चौदा मिलिमीटर, जिथे चाळीस हवे होते. गालातला डाळीएवढा तुकडा कापून तपासणीला पाठवला. दहा दिवसांनी उत्तर येणार, आणि रामनवमी बाराव्या दिवशी.

ते दहा दिवस त्या घरात रामायणातली सर्व कांडे एकदम चालू होती. पुडी सुटली तसे डोके ठणकू लागले, झोप पळाली; आणि पुडीवाचून ज्याचे सकाळचे पोट हलत नसे तो पहाटे परसात जाऊन बसे आणि रामाला अशा गोष्टीसाठी आळवी, जिच्यासाठी रामाला आजवर कोणी आळवले नसेल. तो आईवर ओरडला, नित्यावर ओरडला, मी समाचाराला गेलो तर माझ्यावर ओरडला, आणि ओरडताना तोंड उघडत नसल्याने ते ओरडणे कुकरच्या शिट्टीसारखे येई. चौथ्या दिवशी तो चप्पल घालून दुकानाकडे निघाला. चंद्रमती दारात उभी राहिली. तिच्या हातात तिचा पानाचा पितळी डबा होता. चाळीस वर्षे जेवणानंतरचा तिचा विडा त्यातून निघे, तंबाखूच्या चिमटीसह.

“तूं खाणार असशील तर मी पण खातें,” ती म्हणाली. “तूं सोडलेंस तर हा डबा भांडेवाल्याला जातो. सांग.”

तो उंबऱ्यावर बसला. मग त्याने चप्पल काढली. डबा भांडेवाल्याकडे गेला. मग आईलाही डोकेदुखी झाली, आणि दोघे मिळून ओरडू लागले. घरात थोडी बरोबरी आली.

उत्तर आले. कॅन्सर नाही. आज नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायचे, आणि पुडी जन्मात नाही.

रामनवमीच्या सकाळी हनुमंतराव बूथवर गेले. त्यांनी तोड काढली होती: जयतीर्थाने नुसते उभे राहावे, चिपळी घ्यावी, कीर्तन मी करावे, लोकांना सांगावे की त्याने मौनव्रत घेतले आहे. “मठाची लाज राहील, तुझी पण राहील.” मला हे कळले तेव्हा, खोटे कशाला बोलू, मलाही ती तोड बरी वाटली. मला चिपळी त्याच्याच हाती द्यायची होती, कशीही.

दुपारी मठ भरला. मृदंगावर कार्तिकेय, आमचे पुरोहित गुरुमूर्ती वाध्यार यांचा मुलगा, जयतीर्थाच्याच वयाचा. मी गळ्यात माळ घातली आणि चिपळी पुढे केली. जयतीर्थाने ती घेतली नाही. तो पुढे आला. तोंड दुखत असल्याने तो लहान लहान वाक्ये बोलला, आणि नाकातून; मागच्यांना ऐकू जावे म्हणून सभा इतकी शांत झाली, की इतकी शांतता माझ्या अडीचशे कीर्तनांत मी ऐकली नव्हती.

“मी विरक्त नव्हे,” तो म्हणाला. “मला मिरची आवडते. मला पोळी आवडते. बोलायला तर फारच आवडतें. मी रोज वीस पुड्या खाल्ल्या. त्यानें तोंड मिटलें. तुम्ही नमस्कार केलात, मी घेतला. ते नमस्कार परत घ्या.”

कोणीतरी हसले, मग थांबले.

“आता तुम्ही बोटें घाला,” तो म्हणाला. “तीन. सगळे. बोवा, तुम्ही पण.”

मायबापहो, त्या दिवशी प्रभू रामचंद्रांनी जे पाहिले ते अयोध्येतही पाहिले नसेल. ऐन जन्माच्या मुहूर्तावर तीनशे भक्त, स्त्रिया, वकील, शिक्षक, पेन्शनर, तोंडात तीन तीन बोटे घालून त्याच्याकडे टक लावून बसलेले! पाळण्यातला राम रडला नाही याचेच नवल. हनुमंतरावांनी आधी नकार दिला, मग कवळी काढली आणि चार घालून विजयाने सभोवार पाहिले. माझी तीन गेली, ओढूनताणून. आणि सभेतल्या पाच तरुणांची गेली नाहीत. चौघे मागच्या भिंतीपाशी होते. पाचवा कार्तिकेय. त्याने मृदंगावरचा उजवा हात उचलला होता. दोन बोटांवर अडकला आणि तसाच राहिला, ओठांवर बोटे, डोळे जयतीर्थावर.

“किती?” जयतीर्थाने विचारले.

“आठ,” कार्तिकेय म्हणाला. “दहा.”

“नित्या उद्या आहे गावांत. सकाळी ये.”

कीर्तन मीच केले. चिपळी माझ्याच हातात राहिली.

पुढचे सांगण्यासारखे थोडे आहे. कारण पुढे होते ते रोजचे. गालात इंजेक्शनच्या सुया, महिनोन्महिने. आइसक्रीमच्या लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. गिऱ्हाईक फोनवर मुलीशी रडत बोलते आहे आणि काचेबाहेर मालक तोंडात काड्यांची चळत धरून डोळे वटारून बसला आहे, हे दृश्य बस स्टँडला सवयीचे झाले. कार्तिकेय संध्याकाळी येऊन बाकावर बसे, त्याचीही चळत. दोघे बोलू शकत नसत, म्हणून मैत्री फार घट्ट झाली. मागच्या भिंतीपाशीच्या चौघांतले दोघे आले. दोघे आले नाहीत. चौदाचे वीस मिलिमीटर झाले, वर्षाने सव्वीस. तिथे थांबले. पुढे जाणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

हनुमंतराव अजूनही म्हणतात की त्या पोरात काहीतरी आहे. मी वाद घालत नाही.

दोन हजार साली रामनवमीला जयतीर्थ पुन्हा उभा राहिला. मुख्य कीर्तनाला नव्हे, माझ्या मागे, पूर्वीच्या जागी. मी पूर्वरंगात अडखळलो. अडखळायचेच होते. त्याने स्वर लावला. पूर्वीचा ‘आ’ नव्हता. ‘आ’ आणि ‘ओ’ यांच्यामधले काहीतरी, थोडे खरखरीत, थोडे नाकातले, पण सुरात. एक पद झाले की त्याचा गाल आखडतो. तेव्हा तो हात वर करतो आणि घोट घोट पाणी पितो, कारण घाईने पाणी गिळवत नाही. मी थांबतो. कार्तिकेय मृदंगावर हात ठेवून थांबतो. पहिल्या रांगेतली चंद्रमती त्याचे घोट मोजते. त्याने पेला खाली ठेवला की आम्ही पुढचा चरण घेतो.